दीर्घकाळच्या डिप्रेशनसोबत रोजचं जगणं: नुकतंच निदान झालेल्यांसाठी

"हे कधीपासून आहे?" असं डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं आणि मला उत्तरच सुचेना. अमुक महिन्यात सुरू झालं असं सांगायला त्याआधीचं काहीतरी वेगळं आठवायला हवं. मला ते आठवत नव्हतं. शेवटी म्हटलं, "मी पहिल्यापासून अशीच आहे." तेव्हा मी ३२ वर्षांची होते. कशातच फारसा राम न वाटणं, चारचौघांत गप्प बसणं, काही न करताही थकून जाणं हा माझा स्वभाव आहे, असं मी आणि घरातले सगळेच धरून चाललो होतो.

तो आजार निघाला. तुम्हालाही नुकतंच कोणी हे सांगितलं असेल आणि आता पुढे रोज काय करायचं हे कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट आधी सांगते. आज जीव नकोसा झाला असेल, स्वतःचं काही बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर बाकीचं वाचत बसू नका. शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारा, जवळच्या कोणालाही फोन लावा, आपल्या भागातली हेल्पलाइन किंवा आपत्कालीन नंबर लावा, नाहीतर थेट हॉस्पिटल गाठा. लेख नंतरही वाचता येईल.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली राहिलं आणि मध्ये सलग दोन महिन्यांपेक्षा मोठा बरा काळ आलाच नाही, तर त्याला दीर्घकालीन डिप्रेशन म्हणतात. मुलांमध्ये आणि किशोरवयात ही मुदत एक वर्षाची धरतात, आणि त्या वयात उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसू शकते. १९८० पासून याच्या सौम्य पण चिवट रूपाला डिस्थायमिया म्हणत. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा डिस्थायमिया आणि वर्षानुवर्षं लांबलेलं तीव्र डिप्रेशन ही दोन्ही एका नावाखाली आणली गेली. तुमच्या फाइलवर यातलं कुठलंही नाव असेल, त्यावरून गोंधळू नका.

हा आजार बऱ्याचदा माणसाला अंथरुणाला खिळवत नाही, म्हणून तो कोणाला दिसत नाही. नोकरी चालते, घर चालतं, लग्नकार्यात हजेरी लागते. फक्त प्रत्येक गोष्ट ओल्या कपड्यांनी चालावं तशी जड होते. त्यावर अधूनमधून तीव्र डिप्रेशनचा झटका येतो. जुन्यावर नवं, म्हणून त्याला डबल डिप्रेशन म्हणतात. झटका ओसरला की लोक म्हणतात, चला, बरं वाटलं एकदाचं. खरं तर तुम्ही तुमच्या जुन्याच खालच्या पातळीवर परत आलेले असता, आणि उपचार मात्र नेमके तिथेच थांबतात. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं.

निदान पक्कं करून घ्या

डिप्रेशनसारखंच दिसणारं बरंच काही शरीरात घडत असतं. थायरॉइड कमी असणं, रक्तातलं लोह कमी होणं, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, या सगळ्यांत माणूस थकलेला, मंद आणि उदास होतो. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही मन खाली जातं. दारूनेही जातं, आणि दारू किती घेतो हे डॉक्टरांना खरं सांगायला लोक सगळ्यात जास्त लाजतात. त्यामुळे रक्ताच्या तपासण्यांचं विचाराच, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. घरगुती किंवा वनस्पतींची औषधं असतील तर तीही त्या यादीत लिहा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आयुष्यात कधी असे चार-सहा दिवस आलेत का, की झोप दोन-तीन तासांची आणि तरी अंगात उत्साह मावत नाही, बोलणं थांबत नाही, पैसे भराभर खर्च होतात? आले असतील तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. तो बायपोलर आजार असू शकतो. त्यात नुसती डिप्रेशनची गोळी सुरू केली तर मन उलट्या टोकाला जाण्याचा धोका असतो, म्हणून उपचाराची दिशाच बदलते.

बऱ्याच ठिकाणी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न असतात, गुण ० ते २७, आणि १० किंवा त्याहून जास्त असतील तर निदान मध्यम त्रास धरतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे खोटं शून्य टाकू नका. मी टाकलं होतं, आणि त्यामुळे मला हवी ती मदत काही महिने उशिरा मिळाली.

गोळ्यांबद्दल, जे मला आधी कोणी सांगायला हवं होतं

बहुतेकांना आधी एसएसआरआय गटातली गोळी देतात, म्हणजे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोपेची उलथापालथ, थोडी बेचैनी असा त्रास होऊ शकतो, आणि गुण मात्र अजून दिसत नसतो. बरेच जण नेमके इथेच गोळी सोडतात. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि ती गोळी आपल्याला लागू पडली की नाही हे ठरवायला सहा ते आठ. पहिलीच गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. डोस बदलतो, गोळी बदलते. त्याचा अर्थ तुमची केस हाताबाहेर गेली असा मुळीच नाही.

वय २५ च्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं, आणि बेचैनी वाढली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सोबत घेतल्या तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे डोकं दुखलं म्हणून मनाने काही घेऊ नका. शरीरसंबंधांतली इच्छा कमी होणं हा या गोळ्यांचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे. तो बऱ्याचदा टिकून राहतो आणि त्यावर उपायही असतात, पण सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार कसा?

सवय लागते का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. दारू-सिगारेटसारखी तलफ या गोळ्यांची लागत नाही. पण अचानक बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके असा त्रास होतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या डिप्रेशनवरच्या गोळ्यांच्या बाबतीत जास्त, फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत कमी, कारण ती अंगात आठवडे टिकून राहते. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात, आजार पुन्हापुन्हा उलटणारा असेल तर अधिक काळ. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू डोस कमी करत.

जुन्या डिप्रेशनमध्ये गोळी की थेरपी असा वाद घालण्यात वेळ घालवू नका. जमत असेल तर दोन्ही करा. २००० साली जुन्या डिप्रेशनच्या ६८१ पेशंट्सवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, १२ आठवड्यांनंतर दोन्ही उपचार घेणाऱ्यांमध्ये एकच उपचार घेणाऱ्यांपेक्षा फरक स्पष्टपणे जास्त होता. त्या अभ्यासातली गोळी पुढे यकृताच्या त्रासामुळे बऱ्याच देशांत बंद झाली, पण दोन्ही मिळून घ्या हा सल्ला आजही दिला जातो.

तळाचा दिवस आखा

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथे.

आपण सगळे चांगल्या दिवशी ठराव करतो. एखाद्या सकाळी मन जरा हलकं असतं. मग वहीत लिहितो: पहाटे उठणे, व्यायाम, वाचन, घर आवरणे. तिसऱ्या दिवशी मन खाली जातं, यातलं एकही होत नाही, आणि दिवसभर स्वतःला शिव्या घालण्यात जातो. त्या शिव्यांनी चौथा दिवसही जातो. वर्षानुवर्षं हे चाललं की माणसाचा स्वतःच्या शब्दावरचा विश्वास उडतो, आणि माझ्या मते उदासीपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. तुमचा सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा, आणि त्या दिवशीसुद्धा होतील अशीच कामं लिहा. चार-पाच, त्याहून जास्त नकोत. माझी यादी अशी आहे: गोळी, पाणी, काहीतरी खाणं, दात घासणं, पाच मिनिटं घराबाहेर उभं राहणं. इतकं झालं की त्या दिवसाचा हिशोब पूर्ण. चांगल्या दिवशी याच्या वर कितीही करा, पण ते वरचं. ते झालं नाही म्हणून दिवस वाया गेला असं लिहायचं नाही.

मग प्रत्येक कामामधले अडथळे आधीच काढून ठेवा. अंघोळीचंच घ्या. ज्याला हा आजार नाही त्याला ते एक काम दिसतं. मी खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दाराला टेकून वीस-वीस मिनिटं उभी राहिलेली आहे, कारण माझ्यासाठी ती दहा कामं होती: कपडे शोधायचे, पाणी तापायची वाट बघायची, केस धुवायचे की नाही ते ठरवायचं, नंतर ते वाळवायचे. आता कपड्यांचा एक पूर्ण जोड कायम बाथरूमच्या दारामागे टांगलेला असतो. केस कधी धुवायचे ते वार ठरलेले आहेत, त्या दिवशी विचार करायचा नाही. अंघोळ नाहीच जमली तर तोंड, काखा, पाय ओल्या फडक्याने पुसायचे, आणि तेही यादीत धरायचं.

गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणा. यात विसरभोळेपणाचा प्रश्न नाही. "आज घेतली की काल?" या विचारात डिप्रेशनचं डोकं अर्धा तास गुंतू शकतं. डबी उघडली, आजचा कप्पा रिकामा दिसला, विषय संपला. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. खाण्याचंही असंच आहे: उघडून लगेच तोंडात टाकता येईल, शिजवावं लागणार नाही असं काहीतरी हाताशी असू द्या. उष्टी भांडी धुवायला उभं राहवत नसेल तर ती नुसती पाण्यात बुडवून ठेवा. उद्याच्या तुमच्यासाठी तेवढंही पुष्कळ आहे.

मन लागण्याची वाट बघू नका

"जरा मन लागू दे, मग करते." हे वाक्य मी किती वर्षं म्हटलं याला गणती नाही. निरोगी माणसाचं आधी मन होतं आणि मग तो उठतो. या आजारात हा क्रम बिघडतो. मन होतच नाही, म्हणून आपण काही करत नाही. काही करत नाही म्हणून बरं वाटेल असं काही घडत नाही, आणि मन आणखी खाली जातं. पीटर लुइन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात डिप्रेशनकडे असं पाहायला सुरुवात केली, आणि पुढे त्यातून बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे मनाची वाट न बघता आधी कृती, ही उपचारपद्धत उभी राहिली. २०१६ साली ४४० लोकांवर झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, नव्याने शिकवून तयार केलेल्या कर्मचाऱ्यांनी दिलेला हा उपचार, अनुभवी थेरपिस्टनी दिलेल्या सीबीटीपेक्षा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीपेक्षा, कमी पडला नाही. थेरपिस्ट मिळेपर्यंत सुरुवात तुम्ही स्वतः करू शकता.

एक आठवडा फक्त नोंद ठेवा. दर दोन-तीन तासांनी काय करत होता आणि मन दहापैकी किती, एवढंच. काही बदलायचं नाही. आठवड्याने ते पान बघाल तर एखादी गोष्ट अचानक दिसते. मला वाटायचं माझे सगळे दिवस सारखेच आहेत. पानावर दिसलं की दुपारी दोन ते पाच पडून मोबाइल बघत असते तेव्हा आकडा दोनच्या वर जात नाही, आणि कुंडीतल्या झाडांना पाणी घालते त्या दहा मिनिटांत तो चार असतो. चार म्हणजे आनंद नव्हे. पण दोन आणि चार यांत फरक आहे, आणि तो मला मनातल्या मनात कधीच दिसला नसता. डिप्रेशनमध्ये आठवणीसुद्धा धूसर होतात, "सगळं नेहमी असंच असतं" अशा एका गोळ्यात जमा होतात. म्हणून कागदावर विसंबायचं.

मग ज्याने आकडा थोडा चढतो असं एखादं काम उचला आणि ते घड्याळाला बांधा, मनाला नाही. दुपारी तीन वाजता झाडांना पाणी. जावंसं वाटो न वाटो. काम मोठं वाटलं तर कापून छोटं करा: फक्त चप्पल घालून दारापर्यंत. तिथून परत यावंसं वाटलं तर परत या, काही बिघडत नाही. चालणं, अंग हलवणं याचा डिप्रेशनवर उपयोग होतो, पण ते व्यायाम म्हणून अंगावर येत असेल तर त्याला व्यायाम म्हणू नका.

एक इशारा. पहिल्या काही वेळा काहीच वाटणार नाही. झाडं तशीच, तुम्ही तसेच. ज्या गोष्टींत जीव रमायचा त्यांत तो न रमणं हे डिप्रेशनचं एक मुख्य लक्षण आहे. गोडी परत यायला वेळ लागतो आणि ती बारीक बारीक येते. दोन-तीन आठवडे करून बघितल्याशिवाय उपयोग नाही असं ठरवू नका.

माणसं

जुन्या डिप्रेशनमध्ये माणसं हळूहळू गळून जातात. भांडण होत नाही. मेसेज येतो, उत्तर द्यायचं राहतं, आठवडा होतो, मग उशीर झाल्याची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी उत्तर कधीच जात नाही.

दीर्घकालीन डिप्रेशनसाठी जेम्स मॅककलोह यांनी बसवलेल्या थेरपीमध्ये एक व्यायाम आहे, तो इथे फार कामी येतो. एकच छोटा प्रसंग घ्यायचा आणि लिहायचं: काय झालं, मला त्यात काय वाटलं, मी काय केलं, त्यातून काय निघालं, आणि मला खरं काय हवं होतं. माझं एक पान: मैत्रिणीचा मेसेज आला. वाटलं, आता कंटाळली असेल ती मला. केलं काय, तर फोन पालथा ठेवला. निघालं काय, तर तिनेही मेसेज करणं थांबवलं. हवं काय होतं, तर ती हवी होती. असं समोरासमोर मांडलं की माझ्या वागण्यानं माझ्याच इच्छेचा रस्ता अडवला हे नशिबावर ढकलता येत नाही, आणि पुढच्या वेळी काय करायचं हेही तिथेच दिसतं. मी तिला एवढंच लिहिलं: "तब्येत बरी नव्हती, उत्तर द्यायला महिना लागला. तुझी आठवण येते." कारणं नकोत, माफीचं पानभर पत्र नको.

घरच्यांना सांगताना "मला डिप्रेशन आहे" एवढ्यावर थांबू नका. त्यांना त्यातून काय करायचं ते कळत नाही, मग ते सल्ले देतात: मन रमव, बाहेर जा, लोकांकडे बघ किती दुःखं आहेत. नेमकं मागा. "सकाळी मला हाक मार, पण दोनदाच." "डॉक्टरांकडे सोबत ये, बाहेर बसलास तरी चालेल." "मी गप्प असले तर तुझ्यावर रागावलेली नसते, एवढं धरून चाल." कामाच्या ठिकाणी सांगायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. मी एकाच व्यक्तीला सांगितलं, तेही आजाराचं नाव न घेता: औषधं चालू आहेत, सकाळी जड जातं, महत्त्वाची मीटिंग दुपारी ठेवता आली तर बरं.

झोप

उठायची वेळ एक ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची थोडीफार असते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत उजेडात जा. पहाटे तीन-चारला जाग येऊन जे विचार सुरू होतात त्यांवर त्या वेळी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, असा नियमच करून टाका. बऱ्याच जणांचं मन पहाटे आणि सकाळी सगळ्यात खाली असतं आणि संध्याकाळकडे थोडं वर येतं.

कठीण रात्रीचा कागद

हा कागद बऱ्या दिवशी लिहायचा असतो, शक्यतो डॉक्टर किंवा थेरपिस्टसोबत बसून. सगळ्यात वर, माझं बिघडायला लागलं की काय दिसतं. मग एकटीने करता येण्यासारख्या दोन-तीन गोष्टी. मग जिथे जाऊन बसता येईल अशी जागा आणि नुसता आवाज ऐकायला फोन करता येईल अशी माणसं. मग ज्याला खरं सांगता येईल तो माणूस. मग डॉक्टर, हेल्पलाइन, हॉस्पिटल, नंबरांसह. शेवटी, स्वतःला इजा करायला वापरता येईल असं घरात जे काही असेल ते दुसऱ्याच्या ताब्यात देणं. औषधांचा साठासुद्धा त्यात आला. एका वेळी एका आठवड्याच्याच गोळ्या जवळ ठेवता येतात. हा शेवटचा मुद्दा नकोसा वाटतो, पण तो गाळू नका. तीव्र इच्छेची लाट बहुधा ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं यानेच अनेकांचे जीव वाचतात.

बरं वाटायला लागल्यावर

काही महिन्यांनी एखाद्या दुपारी लक्षात येईल की आज आकडा लिहायचा राहून गेला. तेव्हा वही टाकून देऊ नका, आणि गोळी तर नाहीच नाही. त्याऐवजी मागची पानं काढून बघा, की मन घसरायच्या आधी पहिलं काय सुटतं. प्रत्येकाचं वेगळं असतं. माझं चादरीचं आहे. आठवड्याला बदलणारी चादर तीन आठवडे तशीच राहिली की मी घसरायला लागलेली असते, मला अजून कळलेलं नसतं तरी. हे मी माझ्या बहिणीला सांगून ठेवलंय. ती घरी आली की माझ्या खोलीत डोकावते, चादरीबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि जाताना दारात विचारते, "तुझा फॉलोअप कधी आहे गं?"